मेजरांची सायकल

लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला आमच्या बीड-नगर भागात गाव 'मेजर' म्हणते. शिपाई म्हणून गेलेला माणूस नाईक किंवा हवालदार होऊन परत आला तरी गावाच्या लेखी तो मेजरच. पारावर त्याला जागा करून देतात, ग्रामसभेत त्याचे बोलणे ऐकून घेतात, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्याच्याकडून तपासून घेतात. मात्र या मेजरांनी कोणत्या पलटणीत नोकरी केली, कोणत्या सीमेवर किती हिवाळे काढले, हे विचारले तर त्यांच्या घरच्यांनाही नीट सांगता येत नाही.

याचे कारण साधे आहे. लढाईचे सांगा म्हटले की ही माणसे गप्प होतात. "काय सांगायचं त्यात," एवढे बोलून तंबाखूची चंची काढतात. पण गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या सायकलीचा विषय काढून पाहा. ती कोणत्या साली घेतली, पैसे कसे साठवले, रजेवर आल्यावर तिच्यावरून कोठे कोठे गेलो, असे एकेक निघू लागते. त्या ओघात पठाणकोट येते, तेजपूर येते, जम्मूची थंडी येते आणि परत न आलेला एखादा सोबतीही येतो.

ट्रंक कॅरियरला बांधून

सैन्याशी या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. अंबाजोगाईला निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणत, आणि हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची तेथे छावणी होती. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. त्या घोडदळाचा वारसा सांगणारे 'डेक्कन हॉर्स' हे रणगाड्यांचे दल १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत होते. म्हणजे अंबाजोगाईच्या माळावरचा शिपाई घोड्यावर बसत असे. त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या काळात घोडा गेला आणि सायकल आली.

स्वातंत्र्यानंतर येथली मुले मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्रात गेली, महार रेजिमेंटच्या सागर केंद्रात गेली, तोफखान्यात आणि इंजिनिअर्समध्येही गेली. पाऊस बेभरवशाचा, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली जमीन हलकी, घरात खाणारी तोंडे फार. अशा घरातला एक भाऊ औताला राही आणि दुसरा भरतीला जाई.

रजेवर घरी यायचे तर त्या वाटेचीही एक गोष्ट होई. बीड शहरात रेल्वे आली ती २०२५ साली. त्याआधी जवान परळी, जालना किंवा नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या स्टेशनावर उतरे. तेथून एस.टी.ने तालुक्याच्या गावी आणि तेथून पुढे पायी. नाव, नंबर आणि पलटण पांढऱ्या रंगाने लिहिलेली काळी ट्रंक आणि पट्ट्याने आवळलेला बिस्तरा घेऊन तो फाट्यावर उभा राही. घरात सायकल असेल तर धाकटा भाऊ ती घेऊन येई. नसेल तर शेजाऱ्याची मागून आणी. ट्रंक कॅरियरला बांधायची, बिस्तरा हँडलवर ठेवायचा आणि दोघांनी सायकल ढकलत, बोलत बोलत गाव गाठायचे. वर्षभराच्या खबरा त्या दोन-तीन कोसांत सांगून होत. कोणाचे लग्न जमले, कोणता बैल विकला, विहिरीला पाणी किती परस लागले, सगळे.

पुढे पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून जवान स्वतःची सायकल घेई. १९४९ साली मद्रासेत टी.आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला अॅटलस आणि १९५६ साली लुधियान्यात हीरो असे देशी कारखाने निघाले. आसनसोलला सेन-रॅले सायकली होऊ लागल्या. तेव्हा कोठे सायकल खेड्यापर्यंत पोचली. तरी ती मोठीच खरेदी होती. दुकानातून आणलेल्या सायकलीला घरची सुवासीण हळदकुंकू लावी, हँडलला नारळ फोडी. गावातली निम्मी पोरे त्याच सायकलच्या नळीतून पाय घालून चालवायला शिकली.

सायकल आणि शिपाई यांचे नाते आणखी एका तऱ्हेने जवळचे आहे. बी.एस.ए. हे नाव सायकलवर अनेकांनी वाचले असेल. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी १८६१ साली काढलेली ही कंपनी. तिचे चिन्हच एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचे. बंदुकीच्या नळ्या करणारे हात पुढे सायकलच्या नळ्या करू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी घडी घालता येणारी सायकलही केली.

पोस्टमनची घंटी

मेजर सीमेवर असताना घरी वाट पाहणाऱ्यांची आठवण वेगळी असते. ती मेजरांच्या बायकोला विचारावी. तिच्या आठवणीतली सायकल नवऱ्याची नसते, पोस्टमनची असते.

जवान कोठे आहे हे पत्त्यावरून कळत नसे. नाव, नंबर, पलटण आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढाच पत्ता. आंतरदेशीय पत्र त्या आकड्यावर जाई आणि नवऱ्यापर्यंत बरोबर पोचे. तो लडाखात आहे की नागालँडात, हे घरी माहीत नसे. पोस्टमनची घंटी वाजली की काळजाचा ठोका चुके. पत्र असेल तर आनंद, मनीऑर्डर असेल तर त्याहून आनंद, आणि तार असेल तर हातपाय गळत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या माउल्या पोस्टमनकडून नाहीतर मास्तरांकडून पत्र वाचून घेत. मनातले जे बोलायचे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे आणि दुसऱ्याच्या हाताने लिहायचे, हा संकोच त्यांनी वर्षानुवर्षे सोसला.

१९७१ चे युद्ध डिसेंबरात संपले आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. जवान विजयी होऊन रजेवर आले तेव्हा घरची माणसे खडी फोडायच्या कामावर होती, मुले सुकडी खात होती. पदके छातीवर लावून गावात शिरलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सायकलला दोन्ही बाजूंनी घागरी बांधून दूरच्या विहिरीवरून पाणी आणले. त्या साली कित्येक घरांची चूल सीमेवरून आलेल्या मनीऑर्डरीवर पेटत होती. रणांगणावरच्या कामगिरीला पदक मिळते. या कामगिरीला मिळाले नाही. म्हणून तरी ती घरच्यांनी लक्षात ठेवावी.

पांढरे निशाण लावलेली सायकल

मराठा पलटणीतल्या जुन्या जवानांच्या तोंडी आजही असलेली एक गोष्ट आहे, आणि तिच्यातही सायकल आहे.

१९७१ च्या डिसेंबरात आपले सैन्य उत्तरेकडून ढाक्याच्या रोखाने उतरत होते. वाटेत ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर हे गाव. तेथे पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण पक्की ठाण मांडून बसली होती. आपल्या ९५ माउंटन ब्रिगेडने नदी ओलांडून तिला मागून वेढा घातला. ढाक्याकडे जाणारी दक्षिणेची वाट अडवून बसली होती १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली 'जंगी पलटण'. तिचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार.

९ डिसेंबरला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शत्रूच्या कमांडरला चिठ्ठी लिहिली. तुम्ही चोहोबाजूंनी वेढले गेला आहात, उगाच रक्त सांडू नका, शरण या. आता ही चिठ्ठी न्यायची कोणी? मुक्तिवाहिनीचे जहुरुल हक मुन्शी पुढे झाले. सायकलवर पांढरे निशाण लावून हा माणूस एकटा शत्रूच्या मोर्च्यांकडे निघाला. दोन्ही बाजूंच्या बंदुका रोखलेल्या, आणि मधल्या मोकळ्या रस्त्यावर एक सायकल.

त्याच दिवशी संध्याकाळी उत्तर आले. कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली होती. लेखणी फार चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा, असा त्यातला मजकुराचा भाव होता.

१० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातल्या सैन्याने दक्षिणेकडे फुटून निघण्याचा प्रयत्न केला आणि ते थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आले. रात्रभर झुंज झाली. ११ तारखेला जमालपूर पडले. त्याच दिवशी दुपारी टांगाइलजवळ २ पॅरा ही पलटण विमानांतून छत्र्यांनी उतरली. ही २ पॅराही मूळची मराठाच, लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. जमालपूर जिंकून निघालेली जंगी पलटण पुढे पुंगली पुलापाशी तिला जाऊन मिळाली. परक्या मुलुखात, एका नदीच्या पुलावर, आकाशातून उतरलेले आणि जमिनीवरून आलेले मराठी जवान एकमेकांना भेटले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. मुन्शींना पुढे बांगलादेश सरकारने 'वीर प्रतीक' हा सन्मान दिला.

लढाईत सायकल काय कामाची, असे तरुणांना वाटेल. जपानी फौजा १९४१-४२ मध्ये सायकलींवरून मलायातून खाली उतरल्या आणि ७० दिवसांत सिंगापूर पडले. टायर फाटले तर ते नुसत्या रीमवर सायकल चालवीत. व्हिएतनामी लोकांनी १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत सायकली हाताने ढकलत एकेकीवर दोन क्विंटलांहून जास्त ओझे डोंगरातून नेले. स्वित्झर्लंडने तर आपली सायकलस्वार पलटण २००३ पर्यंत ठेवली होती.

विचारायचे कसे?

१९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६२ आणि १९६५ ची माणसे त्याहून थकलेली. सायकलींचेही तसेच. अॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद पडला. जुन्या सायकली भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने जात आहेत. सायकल गेली की गोष्ट सुरू करायचे निमित्त जाते, आणि मेजर गेले की गोष्टच जाते.

म्हणून शाळेत जाणाऱ्या नातवंडांनी हे काम अंगावर घ्यावे. मानव विकास कार्यक्रमातून कित्येक गावांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. त्या मुलींनी आजोबांकडून चाकाचा आऊट काढायला, फ्रीव्हीलला तेल द्यायला, पंक्चर काढायला शिकावे. हात कामात असले की माणूस मोकळा बोलतो. एक वही करावी आणि थोडे थोडे विचारून लिहून घ्यावे. भरती कोठे आणि कोणत्या साली झाली? सैन्यातला नंबर काय? (तो कोणीही विसरत नाही.) पहिली नेमणूक कोठे होती? जेवायला काय मिळे? सोबती कोण होते, कोणत्या गावचे? सायकल कधी घेतली, किती रुपयांना? आजीला वेगळे बसवून तिचेही लिहावे.

एक पथ्य मात्र पाळावे. एखाद्या ठिकाणी आजोबा थांबले, डोळे दुसरीकडे गेले, तर पुढचा प्रश्न विचारू नये. सगळेच सांगितले पाहिजे असे नाही. कधी आपण होऊन सांगतील.

ट्रंकेतले कागद

हे लिहून घेताना काळी ट्रंकही उघडावी. तिच्यातले डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पी.पी.ओ., पाहावेत. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख पेन्शनच्या कागदावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर एकसारखी आहे का, हे मेजर हयात असतानाच तपासावे. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, अशी चूक खेड्यात फार आढळते. पतीच्या मागे कुटुंब पेन्शन मिळण्याच्या वेळी हीच चूक आडवी येते आणि म्हातारपणी बाईला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. दुरुस्ती करायला स्वतः मेजर असले तर काम सोपे जाते. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्यावा.

बीडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकाचे आणि सैनिकाच्या विधवेचे ओळखपत्र, मुलांच्या शिक्षणाची मदत यांची चौकशी तेथे करता येते. २०२० साली राज्य सरकारने माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट दिली. आपल्या घराला ती मिळते का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे.

आणि त्या सायकलीचे काय करायचे? जमल्यास नवे टायर-ट्यूब टाकून, छर्रे बदलून चालती ठेवावी. तेवढे जमत नसेल तर पुसून, तेल लावून पडवीत उभी करावी. फक्त भंगारात घालू नये. सव्वीस जानेवारीला शाळेने गावातल्या मेजरांना झेंड्यासाठी बोलावतेच. या वर्षी त्यांना सायकलसकट बोलवावे, पोरांना भोवती बसवावे, आणि पहिला प्रश्न लढाईचा न विचारता सायकलचा विचारावा.