रिंग बंद, वही सुरू

पेकिनीज जातीचं कुत्रं लांबून नुसता केसांचा गोळा दिसतं. ते कसं आहे हे पाहायचं तर परीक्षकाला त्यावर हात ठेवावा लागतो. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार पेकिनीज उचललं की आकाराच्या मानानं चांगलंच जड लागलं पाहिजे, पण वजन १४ पौंडांच्या वर जाता कामा नये. छाती रुंद आहे का, मागच्यापेक्षा पुढचा भाग भारी आहे का, हे त्या केसांतून बोटांनाच कळतं. इतर जातींचंही थोड्याफार फरकानं असंच आहे. चाल डोळ्यांनी बघायची आणि हाडं हातांनी. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे माणसानं माणसाजवळ जाणंच थांबलं आणि हातांवर चालणारा हा सगळा व्यवहार बंद पडला.

तो ज्यांच्यामुळे पुन्हा उभा राहिला त्यांत अमेरिकन केनेल क्लबचं नाव आधी घ्यावं लागतं. १७ सप्टेंबर १८८४ रोजी फिलाडेल्फियात काही श्वानक्लबांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून ही संस्था काढली. ती क्लबांचा क्लब आहे, तिथे व्यक्तीला सभासदत्व मिळत नाही. गावोगावचे आणि जातीजातींचे क्लब आपापले शो भरवतात. नियम, परीक्षक आणि नोंदी मध्यवर्ती संस्था सांभाळते. वर्षाला वीस हजारांहून जास्त कार्यक्रम या छत्राखाली होतात. पण संस्थेचा खरा कणा म्हणजे तिची वंशनोंद, स्टड बुक. कोणतं पिल्लू कोणत्या आईबापांचं, कधी जन्मलं, कुणाच्या घरी गेलं, हे त्यात लिहिलेलं असतं. बाकी सारं त्याच्यावर उभं आहे.

बाहेरच्या माणसाला श्वानप्रदर्शन ही सौंदर्यस्पर्धा वाटते. कंगवे, केसांवर मारायचे फवारे आणि कुत्रं घेऊन पळणारे हॅन्डलर पाहिले की तसं वाटणं साहजिकच आहे. पण नियम वाचले की हेतू कळतो. नसबंदी झालेलं कुत्रं तिथल्या जातनिहाय स्पर्धेत उतरूच शकत नाही, कारण पुढची पिढी कुणापासून घ्यावी हे ठरवण्यासाठीच ही स्पर्धा आहे. चॅम्पियन व्हायला १५ गुण लागतात. एका शोमध्ये जास्तीत जास्त ५ मिळतात, तेही त्या जातीची किती कुत्री मागे टाकली यावर. त्यात दोन मोठे विजय हवेत, दोन वेगवेगळ्या परीक्षकांच्या हातचे. एकाच्या आवडीनिवडीवर जातीचं भवितव्य ठरू नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि मला ती शहाणपणाची वाटते.

शो थांबले तेव्हा आधी तुटली ती माणसांची गाठभेट. या मंडळींचा शनिवार-रविवार शोच्या मैदानावर जातो. नवा माणूस तिथेच शिकतो. म्हातारी ब्रीडरबाई रिंगेच्या कडेला खुर्ची टाकून बसलेली असते, तिच्याशेजारी उभं राहून. तिच्या कुत्र्यांच्या चार पिढ्यांपूर्वीचे दोष तिला ठाऊक असतात आणि ते कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत. ही शाळा बंद पडली तर वर्षा-दोन वर्षांत नवखी माणसं गळतात आणि परत येत नाहीत.

यावर पहिला तोडगा निघाला तो कॅमेऱ्याचा. कुत्र्यांना युक्त्या शिकवून मिळवायच्या ट्रिक डॉग पदव्या २०१७ पासून होत्याच. त्यांच्या चाचण्या आता व्हिडिओवरून तपासायला मोकळीक मिळाली. घरगुती वर्तनाची नवी चाचणी आली, तीही घरच्या घरी द्यायची. मला यात सर्वांत आवडलेला प्रयोग रॅलीचा. रॅलीत जमिनीवर क्रमांक घातलेल्या पाट्या मांडलेल्या असतात आणि माणूस कुत्र्याला डाव्या बाजूला घेऊन त्या ओळीनं पार करतो. एका पाटीवर लिहिलेलं असतं, थांबा, कुत्रं बसेल. दुसरीवर पूर्ण वळण. कुठे शंकूंमधून नागमोडी जायचं असतं. बोलायला, शाबासकी द्यायला परवानगी आहे, हात लावायला नाही. शंभरातून गुण कापत जायचं, ७० राहिले की पास.

२०२० च्या उन्हाळ्यात क्लबनं याच परीक्षेचे नकाशे आखून दिले. लोकांनी पाट्या घरी छापल्या, परसात, गॅरेजसमोर, रिकाम्या पार्किंगमध्ये मांडल्या आणि घरातल्या कुणाच्या तरी हातात फोन दिला. चित्रण एका दमात हवं, मध्ये काटछाट चालणार नाही, माणूस आणि कुत्रं दोघंही पूर्ण वेळ दिसले पाहिजेत. मग मान्यताप्राप्त परीक्षक आपल्या घरी बसून ते पाहणार आणि गुण देणार. एरवी तीनशे मैल गाडी हाकूनही ज्यांना शोला पोहोचता येत नव्हतं, ज्यांचं कुत्रं गर्दीला बुजत होतं, त्यांनाही ही वाट मोकळी झाली. संकटात काढलेली सोय असूनही तिनं नवी माणसं आत आणली, हे तिचं मोठेपण.

पण या वाटेला मर्यादा होती आणि क्लबनं ती ओळखली. आज्ञापालन पडद्यावर तपासता येतं, बांधा तपासता येत नाही. खांद्याच्या हाडाचा कोन, फरीचा दाटपणा, दातांची ठेवण यांवर फोनवरून निकाल द्यायचा म्हणजे वंशनोंदीच्या मुळावरच घाव घालणं. चॅम्पियनपदाचे गुण व्हिडिओवर वाटले नाहीत, ते योग्यच झालं.

प्रजननाचं घड्याळ मात्र साथीसाठी थांबत नाही. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि गर्भकाळ ६३ दिवसांच्या आसपास असतो. जबाबदार ब्रीडर तिच्याकडून दोन वर्षांच्या आधी पिल्लं घेत नाही, कारण खुब्याच्या सांध्याचं पक्कं प्रमाणपत्र २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळतं. सहा-सात वर्षांनंतरही घेत नाही. म्हणजे हातात जेमतेम चार-पाच वर्षं. त्यातलं एक गेलं तर लहान संख्येच्या जातीत एखादी वंशरेषा कायमची संपू शकते. शिवाय टाळेबंदीत दवाखान्यांनी तातडीची नसलेली कामं पुढे ढकलली होती, त्यांत हे एक्स-रेही आले. परराज्यातल्या नराकडे कुत्री नेणं शक्य नव्हतं, तिथे थंड करून पाठवलेलं वीर्य उपयोगी पडलं. तंत्र जुनंच होतं, गरज नवी.

पिल्लांचं आणखी वेगळं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. त्या काळात ज्याला परका माणूस, छत्री, रहदारीचा आवाज भेटत नाही, ते पुढे जन्मभर भित्रं राहू शकतं. घरात पाहुणाच येत नसताना जाणत्या ब्रीडरांनी पिल्लांना कडेवर घेऊन रस्त्यावर उभं राहावं, टोप्या आणि मास्क घालून त्यांच्यासमोर यावं, फटाक्यांचे आणि ढगांच्या गडगडाटाचे आवाज हळू आवाजात ऐकवावेत, अशा वाटा काढल्या. शोमध्ये मिरवण्यासारखं यात काही नाही. पण मला विचाराल तर त्या वर्षातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

कारण त्याच वेळी बाहेर पिल्लांसाठी झुंबड उडाली होती. घरी अडकलेल्या प्रत्येकाला कुत्रं हवं होतं. चांगल्या ब्रीडरांकडे प्रतीक्षायादी लागली. मग अधीर गिऱ्हाईक वळलं ते आई न दाखवता पिल्लू विकणाऱ्यांकडे आणि नसलेल्या पिल्लांच्या जाहिराती देऊन पैसे उकळणाऱ्यांकडे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लुसीज लॉ लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू मध्यस्थानं विकायचं नाही, खरेदी थेट जन्मघरातून, आईसोबत पाहून. कायदा नेमका टाळेबंदीत आला आणि घरी जाऊन पाहणंच अवघड झालं. चपट्या तोंडाच्या जातींची मागणी तर इतकी वाढली की त्यांच्या श्वासाच्या त्रासाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. हा दोष शुद्ध जातीच्या चाहत्यांनीही आपल्या पदरी घ्यायला हवा. रिंगेत जे जिंकतं तेच बाजारात मागितलं जातं.

२०२० च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेतल्या काही राज्यांत शो परतू लागले. मोकळ्या जागेत, मास्क लावून, ठरावीक वेळेलाच रिंगेजवळ येऊन. साथीआधी परीक्षक बहुधा कुत्र्याचा ओठ स्वतः वर करून दात पाहत. आता हॅन्डलरनं ओठ उचलायचा आणि परीक्षकानं हात मागे ठेवून पाहायचं. एका कुत्र्याच्या तोंडाला लागलेला हात दुसऱ्याला लागू नये आणि दोन माणसांची तोंडं जवळ येऊ नयेत, एवढाच हेतू. डिसेंबरमध्ये ओरलँडोला क्लबची राष्ट्रीय स्पर्धा प्रेक्षकांविना झाली आणि बर्बन नावाची व्हिपेट कुत्री तिथे पहिली आली.

खरी कसोटी न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोची होती. हा शो १८७७ पासून एकाही वर्षी चुकलेला नाही, दोन महायुद्धांतही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सिबा ही स्टँडर्ड पूडल जिंकली आणि दीड महिन्याच्या आत न्यूयॉर्क बंद झालं. इंग्लंडचा क्रफ्ट्स शो २०२१ मध्ये आधी जुलैवर ढकलला आणि शेवटी रद्द करावा लागला. माद्रिदचा जागतिक शो २०२० वरून २०२२ वर गेला. वेस्टमिन्स्टरनं मात्र शहर सोडलं. हडसन नदीकाठी टॅरीटाउनला लिंडहर्स्ट नावाची वाडी आहे, एके काळी रेल्वेसम्राट जे गूल्ड याची. १२ आणि १३ जून २०२१ ला तिच्या हिरवळीवर मांडव पडले. प्रेक्षकांना तिकिटं नव्हती. आत येणाऱ्याकडे लसीचा पुरावा किंवा निगेटिव्ह चाचणी हवी होती. शेवटच्या फेरीत परीक्षक पॅट्रिशिया क्रेग ट्रॉटर यांनी निवडलं ते तीन वर्षांचं पेकिनीज, वसाबी. बर्बन दुसरी आली. वसाबीचा आजोबा मॅलकी याच शोमध्ये २०१२ साली जिंकला होता. आजोबा आणि नातू यांच्या विजयांत नऊ वर्षांचं अंतर, आणि मधला प्रत्येक जन्म वहीत नोंदलेला. साथीत तगलं ते हे.

आपल्याकडे शोचा हंगाम हिवाळ्याचा, त्यामुळे २०२० चा मार्च येईतो तो संपत आला होता. आपल्याला त्या वर्षी वेगळीच गोष्ट मिळाली. ३० ऑगस्टच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी बीड पोलिसांच्या रॉकीची आठवण काढली. तीनशेहून जास्त प्रकरणांत मदत केलेल्या या कुत्र्याला पोलिसांनी मानानं निरोप दिला होता. त्याच भाषणात मुधोळ हाउंड, राजपालयम, कन्नी, चिप्पीपराई, कोंबई अशा देशी जाती पाळण्याचं आवाहन झालं आणि मुधोळची चौकशी वाढली. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र तरी आहे. त्याच रक्ताचं आपलं कारवान कुत्रं सोलापूर, सांगली, लातूरच्या शेतवस्त्यांवर आहे, पण त्याची वंशावळ बहुतेक ठिकाणी मालकाच्या डोक्यात असते. मालक गेला की वंशावळ गेली. साथीनं अशी किती डोकी नेली असतील याचा विचार करवत नाही.

म्हणून कारवान पाळणाऱ्यांना एक विनंती. शो, बक्षिसं आणि प्रमाणपत्रं पुढे पाहता येतील. आज एक साधी दोनशे पानी वही आणा. कुत्री कोणाची, नर कोणाचा, मिलन कधी झालं, वेताला पिल्लं किती, जगली किती, कोणत्या गावी कुणी नेली, कशानं आजारी पडली, हे तारखेसह लिहा. प्रत्येकाचा बाजूनं घेतलेला एक फोटो चिकटवा. आणि ती वही घरातल्या तरुण माणसाला वाचता येईल अशा अक्षरात ठेवा.