आधी आपला हात ओळखावा

झाडे कशी लावावीत, हे आमच्या वाईत कुणी कुणाला शिकवल्याचे मला आठवत नाही. कृष्णाकाठचे गाव. परसात काठी रोवली तरी तिला पालवी फुटायची. त्यामुळे गंगापुरीतला आमचा जुना वाडा उतरवून तिथे चार मजली इमारत उभी राहिली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलो, तेव्हा गॅलरीत चार कुंड्या जगवणे मला मुळीच अवघड वाटले नव्हते. मी कॉलेजात मराठी शिकवते. दरसाल शेदीडशे मुले माझ्या हातून पास होतात. चार कुंड्या होणार नाहीत?

नाही झाल्या. त्याचीच ही हकिगत आहे. यंदाच्या दिवाळीत घरात पहिलेवहिले झाड आणावे असे ज्या वाचकांच्या मनात असेल, त्यांना माझ्या फजितीतून थोडे शहाणपण मिळाले तर ती सत्कारणी लागली असे मी समजेन.

त्याचे असे झाले. पुण्याला गेले होते. पुणे-सोलापूर रस्त्याला मांजरीपासून पुढे नर्सऱ्यांची रांगच लागते, तिथे मुद्दाम वाकडी वाट करून गेले आणि सात रोपे घेतली : कोरफड, जेड, स्नेक प्लँट, झेडझेड, मनीप्लँट, स्पायडर प्लँट आणि देवाधर्माची म्हणून तुळस. विकणारा मुलगा मोठा गोड बोलणारा होता. “मॅडम, ह्यांना काही करावं लागत नाही,” तो म्हणाला. हे वाक्य मी मंत्रासारखे घरी घेऊन आले.

तीन महिन्यांत सातांपैकी पाच गेली. आणि सगळी एकाच तऱ्हेने गेली. आधी खालची पाने पिवळी पडायची, मग रोप मान टाकायचे, आणि हात लावावा तर बुंधा पिकल्या केळ्यासारखा मऊ. मान टाकली की मला वाटायचे, तहानले बिचारे. मी तांब्याभर पाणी घालायची. दुसऱ्या दिवशी ते आणखी वाकलेले असायचे.

पुढे वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले, ते आधी कळले असते तर पाच जीव वाचले असते. झाडाच्या मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांतल्या हवेवर मुळे जगतात. कुंडीत सतत पाणी राहिले की त्या पोकळ्या भरून जातात, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे पायाशी तळे साचलेले असताना झाड वर तहानेने सुकते! आपण ते सुकलेले पाहतो, कळवळतो आणि आणखी पाणी घालतो. घरात लावलेली झाडे उपासमारीपेक्षा लाडानेच अधिक मरतात, ती अशी.

पण माझ्या मनात एक हिशेब जुळेना. मी स्वतः पाणी घालण्यात चेंगटच. पेपर तपासण्याचे दिवस आले की मला घरच्यांनाच जेवायला वाढायची आठवण करावी लागते. मग एवढे पाणी येते कुठून?

एका रविवारी घरी होते, तेव्हा उलगडा झाला. माझ्या सासूबाई सकाळी अंघोळ करून आल्या आणि त्यांनी तुळशीला पाणी घातले. बरोबरीने सगळ्या कुंड्यांनाही घातले. पूजा झाली, पुन्हा घातले. चहा झाला, गॅलरीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “ह्या घरात झाडांकडे कुणी बघतच नाही गं!” आणि पुन्हा तांब्या भरून आणला. दिवेलागणीपर्यंत मी पाच खेपा मोजल्या. सासूबाईंना अठ्ठ्याहत्तरावे लागले आहे. अलीकडे त्या विसरू लागल्या आहेत, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या विसरण्याचे माप मला त्या दिवशी कुंड्यांनी दाखवले.

आम्ही शहाण्या माणसांनी मग काय करावे? आधी सांगून पाहिले. “आई, मघाशी घातलंत पाणी.” “हो का?” म्हणून त्या ओशाळायच्या आणि तासाभराने पुन्हा तेच. मग भिंतीवर कागद डकवला. शेवटी मी तांब्याच उचलून माळ्यावर ठेवला. झाडे वाचली, असे मला वाटले.

दोन दिवसांनी कॉलेजातून आले तर त्या गॅलरीतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर नुसते ठेवलेले. मला पाहून म्हणाल्या, “आता इथं माझं काय काम आहे, सांग बरं?”

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांसमोर आमचे जुने परस येत होते. न्हाणीचे सांडपाणी पन्हळीतून मागे जायचे, तिथे अळू माजलेले, पुढे कर्दळ, त्यापुढे केळी. आडाच्या कडेला गवती चहा. पन्नास वर्षे ह्या बाईने त्या परसात बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या आणि त्या पाण्यावर नांदलेल्या अळवाने अख्ख्या आळीची श्रावणातली भाजी भागवली होती. त्यांच्या हाताचे काहीच चुकले नव्हते. तो हात परसाने घडवलेला होता. मीच त्याच्यापुढे वाळवंटातली रोपे आणून मांडली होती.

मग मी झाडांच्या माहेरची चौकशी सुरू केली. सून आणताना करतो ना, तशीच! कोरफड मूळची अरबस्तानाकडची. स्नेक प्लँट पश्चिम आफ्रिकेचा, झेडझेड पूर्व आफ्रिकेचा, जेड दक्षिण आफ्रिकेचा. माहेरी पाऊस चार दिवसांचा आणि उन्हाळा लांबलचक. म्हणून कोणी पानात पाणी साठवते, तर झेडझेड जमिनीखाली बटाट्यासारख्या गाठी धरून त्यांत साठवतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून कोरफडीसारखी झाडे दिवसा पानांची छिद्रे बहुतेक मिटूनच ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. आपली पानफुटीही त्यांतलीच. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात होता. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दिवस चढेल तसा आंबटपणा कमी होतो, असे त्याने चाखून लिहून ठेवले. ते १८१५ साली लंडनमध्ये छापून आले. रात्री आत घेतलेली हवा पान आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते, हे कारण पुढे कळले. (वाचकांनी मात्र चव घ्यायला जाऊ नये, पानफुटी पोटात जाण्यासारखी नाही.)

मनीप्लँटचे माहेर पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटावर. तिथली हवा दमट, म्हणून ह्याच्या फांदीचा तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवला तरी मुळे धरतो. आणि स्पायडर प्लँट जरी आफ्रिकेचा असला, तरी त्याची भावंडे आपल्याकडे आहेत. पावसाळ्यात डोंगरावर मिळणारी फोडशीची भाजी त्याच कुळातली. सफेद मुसळीही त्यातलीच आणि तिच्या शास्त्रीय नावात तर आपली बोरिवली आहे! ह्या कुळाची मुळे जाड, पाणी धरून ठेवणारी. म्हणून तो उपासालाही टिकतो आणि मेजवानीलाही. आमच्याकडे पाच गेली आणि ही दोन राहिली, ह्याचा उलगडा असा झाला.

तेव्हा नवशिक्यांना माझे सांगणे एवढेच की, नर्सरीत पाय ठेवण्याआधी आपला हात ओळखावा. हात दोन तऱ्हेचे असतात. एक विसराळू, एक उदार.

तुम्ही विसराळू असाल, कामावर जात असाल, सुटीत आठ-आठ दिवस कुलूप लावत असाल, तर स्नेक प्लँट, झेडझेड, कोरफड, जेड ही तुमची माणसे. माती पार कोरडी झाल्यावरच पाणी, आणि थंडीत तर त्याहूनही कमी. तुमचा हात उदार असेल, सकाळ-संध्याकाळ पाणी घातल्याशिवाय चैन पडत नसेल, तर अळू, ब्राह्मी, पुदिना, कर्दळ लावा. पाण्याच्या बाटलीत मनीप्लँट ठेवा. दोन्ही हात एकाच घरात नांदत असतील, तर स्पायडर प्लँट.

आता हातानंतर खिडकी. अंधारात वाढणारे झाड नसते, अंधार सोसणारे असते. भर दुपारी खिडकीपाशी भिंतीपुढे हात धरावा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर, कोरफड-जेड तिथे सुखाने राहतील. सावली पुसट असेल तर मनीप्लँट, स्नेक प्लँट, झेडझेड. सावलीच पडत नसेल तर तिथे एखादे चित्र लावावे. तुळशीला मात्र उघडे ऊन हवे, तिला दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसवू नये.

कुंडी भाजल्या मातीची बरी. ती अंगातून पाणी झिरपू देते आणि बोलतेसुद्धा! बोटाच्या पेराने टिचकी मारा : आतली माती कोरडी असेल तर ठणठणीत आवाज येतो, ओली असेल तर बद्द. प्लॅस्टिकची असेल तर बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. तळाला भोक हवेच, त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. आणि आमच्या कृष्णाकाठची काळी माती उसाला कितीही गुणाची असली, तरी ती नुसती कुंडीत भरू नये. पाणी धरून बसते आणि सुकली की विटेसारखी होते. माती, मुरलेले शेणखत आणि जाड वाळू समभाग घ्यावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मनीप्लँट, झेडझेड, डिफेनबेकिया ही सारी अळवाच्या कुळातली. कच्चे अळू घशाला खाजते ते ज्या सुईसारख्या स्फटिकांनी, तेच ह्यांच्या पानांत असतात. आणि इथे चिंच घालूनही भागत नाही. रांगते मूल घरात असेल तर ही झाडे उंचावर ठेवावीत. दुसरे, बाटलीतले आणि कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्यावे, नाहीतर झाडाबरोबर डेंग्यूचे डासही पाळल्यासारखे होईल.

आणि “झाडाने घरातली हवा शुद्ध होते” असे सांगून कोणी जादा पैसे मागितले, तर हसून सोडून द्यावे. ही समजूत १९८९ साली अमेरिकेतल्या नासा संस्थेने बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून पसरली. २०१९ साली दोन अमेरिकन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. उघड्या खिडकीने जेवढी हवा बदलते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला कमीत कमी दहा झाडे लागतील, असे निघाले. मग माणसांनी बसायचे कुठे? झाड घरात आणावे ते वेगळ्या कारणासाठी.

ते कारण मला आमच्या गॅलरीत सापडले. मी तांब्या माळ्यावरून काढून पुन्हा जागेवर ठेवला. नवी कोरफड आणि नवा स्नेक प्लँट माझ्या पुस्तकांच्या खिडकीत नेले, माझ्या विसराळू हाताखाली. गॅलरीत आईंच्या खुर्चीशेजारी जुन्या टबला खाली भोके पाडून त्यात अळवाचे कंद लावले, शेजारी ब्राह्मी आणि पुदिना. तुळस नवी आणली. भरपूर वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत, कठड्याशी, जिथे सकाळचे ऊन थेट लागते. तिला अंघोळीनंतरचा एकच तांब्या. तेवढा मात्र आई चुकत नाहीत. साठ वर्षांची सवय डोक्यात नसून हातात असते. पुढच्या साऱ्या खेपा खुर्चीजवळच्या टबात जातात. दिवसाकाठी चार असोत की सहा, मी आता मोजत नाही.

आईंचे विसरणे थांबलेले नाही. कोणतेही झाड ते थांबवणार नाही, हे मला समजते. पण त्यांचे हात आता मांडीवर नसतात.

परवा पहिल्यांदा त्या अळवाची पातळ भाजी केली. चिंचगूळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, सगळे त्यांच्या पद्धतीने. पहिला घास घेऊन त्यांनी विचारले, “अळू छान आहे गं. कुणी लावलंय?”

“तुम्हीच, आई.”

त्या क्षणभर थांबल्या. मग पुन्हा भात कालवत म्हणाल्या, “वाटलंच मला. हात माझाच दिसतोय.”