ताकिले बेटाची वस्त्रकला आणि पर्यटक

पेरू देशातील टिटिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. त्यातील ताकिले बेटावर क्वेचुआ भाषक शेतकरी समाज राहतो. येथे सुयांवरील विणकाम पुरुषांचे. मागावर पट्टे व शाली विणणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम. ‘चुल्यो’ ही कानटोपी मुलगे लहानपणीच विणू लागतात. पूर्ण लाल टोपी विवाहित पुरुषाची, तर लाल-पांढरी अविवाहिताची समजली जाते. स्त्रियांनी विणलेल्या रुंद कंबरपट्ट्यावर वर्षभरातील शेतीची कामे व विधी चिन्हांनी दर्शविलेले असतात. एका अर्थी ते कमरेला बांधलेले पंचांगच होय.

युनेस्कोने २००५ मध्ये या कलेचा गौरव केला आणि २००८ मध्ये ती मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत समाविष्ट झाली.

पर्यटकांच्या खरेदीमुळे ही कला टिकण्यास साहाय्य होते, हे मान्य करावे लागेल. मात्र वाढत्या मागणीमुळे धागा, निर्मितीची पद्धती आणि नक्षीचा अर्थ यांत लक्षणीय बदल झाले आहेत. टोपी विकत घेऊन डोक्यावर चढविणाऱ्या पाहुण्यास आपण विवाहित ठरलो की अविवाहित, याची बहुधा कल्पनाही नसते. विक्रीसाठी बेटावर सामुदायिक भांडार असून तेथे वस्तूंच्या किमती ठरलेल्या असतात.