कापूस कोणता, ग्रेन कोणता?

वर्धा जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटीची बोंडे फुटू लागतात आणि सेलू, देवळी, हिंगणघाट या तालुक्यांतली वावरे हिरव्यावर पांढरे ठिपके उमटल्यासारखी दिसू लागतात. जमिनीवरून हे दृश्य नेहमीचेच. ड्रोनमधून मात्र त्याची नवलाई अजून ओसरलेली नाही. कलत्या उन्हात साठ मीटर उंचीवरून केलेले असे चित्रीकरण रिमोटला जोडलेल्या मोबाइलवर सुरेख दिसते. तेच संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लावले की निराशा होते. शेतभर बारीक दाणे वळवळताना दिसतात, धुऱ्यावरच्या बाभळीच्या सावलीत लाल-निळे ठिपके चमकतात आणि त्यातले बोंड कोणते व दोष कोणता, हे सांगणे कठीण होऊन बसते. चित्रीकरणाच्या व्यवसायात या दोषाला ‘ग्रेन’ किंवा ‘नॉइज’ म्हणतात.

ग्रेन हा शब्द मुळात फिल्मच्या जमान्यातला. त्या काळी फिल्मवरील चांदीच्या संयुगाचे कण खरोखरच दाण्यांसारखे दिसत आणि पुष्कळांना ते आवडतही. डिजिटल कॅमेऱ्यात चांदी नाही, दाणेही नाहीत. तेथे दिसतो तो प्रकाशाच्या कमतरतेचा परिणाम.

हे समजण्यासाठी पावसाचे उदाहरण सोपे आहे. अंगणात सारख्या आकाराच्या शंभर वाट्या मांडल्या आणि चार थेंब शिंतडून पाऊस थांबला, तर काही वाट्यांत दोन थेंब पडतील, काहींत एक, काही कोरड्याच राहतील. पाऊस तासभर कोसळला तर सगळ्या वाट्या जवळपास सारख्याच भरतील. सेन्सरवरील प्रत्येक पिक्सेल ही अशीच एक वाटी आणि प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, हे थेंब. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर त्यात सुमारे १० चा चढउतार स्वाभाविकच असतो, म्हणजे दहा टक्के. १०,००० फोटॉन पडत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघा एक टक्का. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. सूर्य मावळतेवेळी तो काहीशे लक्सवर येतो. नोव्हेंबरात वर्ध्याला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ‘सोनेरी प्रकाश’ मिळावा म्हणून बहुतेक ड्रोन नेमके त्याच वेळी आकाशात असतात.

त्यात ड्रोनचा कॅमेरा चिमुकला. २०१६ मध्ये आलेल्या डीजेआय मॅव्हिक प्रो या लोकप्रिय ड्रोनचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा होता. त्याच वर्षीच्या फँटम ४ प्रोमध्ये ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर आला. लग्नसमारंभात वापरल्या जाणाऱ्या फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळाने पहिल्याच्या तीसपट. त्यामुळे लग्नाच्या फिल्ममध्ये मांडवातली दृश्ये स्वच्छ आणि वरून घेतलेले मांडवाचे दृश्य तेवढे दाणेदार, असा विजोड प्रकार वारंवार पाहायला मिळतो.

यावर पुष्कळ जण आयएसओ वाढवून पाहतात. आयएसओने प्रकाश वाढत नाही. जेवढा संकेत मिळाला तेवढाच मोठा करून दाखवला जातो आणि त्याबरोबर चढउतारही मोठा होतो. विदर्भातल्या उन्हाला दोष देण्याचीही एक रीत आहे. सेन्सर तापला की नॉइज वाढतो हे खरे; पण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या अल्प वेळात त्याचा वाटा फारच थोडा असतो. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांतही भर दुपारचे चित्रण स्वच्छ येते, ते यामुळेच.

तेव्हा खरा उपाय ड्रोन उडण्यापूर्वीचा आणि तो साधा आहे. दुपारी उजेड आवरण्यासाठी लेन्सवर काळसर काचेचा एनडी फिल्टर लावतात. संध्याकाळी तो काढायचा राहून जातो आणि कॅमेरा मुकाट्याने आयएसओ चढवत नेतो. भारतात सेकंदाला २५ चौकटी आणि एकपन्नासांश सेकंदाचा शटर हा नेहमीचा मेळ; वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने गावातल्या दिव्यांची लुकलुकही त्यात टळते. ड्रोन एका जागी स्थिर असेल तर शटर एकपंचविसांशवर आणता येतो आणि दुप्पट प्रकाश मिळतो. दृश्यातला सर्वांत उजळ भाग पांढरा पडणार नाही इतपत चित्र उजळच घ्यावे. अंधारे घेऊन नंतर उजळवणे म्हणजे सावलीतला नॉइज हाताने वर काढणे होय. कॅमेऱ्यातील ‘शार्पनेस’ही कमी ठेवावा, कारण तो पानांच्या कडांबरोबर दाण्यांच्या कडाही ठळक करतो. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास उड्डाण केले तर यातल्या निम्म्या खटपटीची गरजच उरत नाही, हे सांगितलेले मात्र फारसे कोणाला रुचत नाही.

एवढे करूनही ग्रेन उरला तर संगणकाकडे वळावे लागते. डाविंची रिझॉल्व्हची सशुल्क ‘स्टुडिओ’ आवृत्ती किंवा नीट व्हिडिओ यांसारख्या साधनांत दोन पद्धती असतात. पहिलीत एकाच चौकटीतल्या शेजारशेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढली जाते. आभाळासारख्या सपाट भागावर ती चालून जाते; कापसाच्या वावरावर मात्र घात करते. हिशेब पाहण्यासारखा आहे. २८ मिलिमीटर समकक्ष लेन्सने साठ मीटर उंचीवरून सुमारे ७७ मीटर रुंदीचा पट्टा टिपला जातो. फोर-के चौकटीची रुंदी ३,८४० पिक्सेलांची, म्हणजे एक पिक्सेल जमिनीवरच्या दोन सेंटिमीटरचा. फुटलेले बोंड जेमतेम तीन पिक्सेल व्यापते. एवढासा पांढरा ठिपका आणि नॉइजचा दाणा यांत एका चौकटीपुरता फरक करायला संगणकाकडे फारसा आधार नसतो. तो दोन्ही पुसतो आणि पऱ्हाटीच्या जागी हिरवा लेप उरतो.

दुसरी पद्धत अधिक शहाणी. ती लागोपाठच्या चौकटी एकमेकींवर ताडून पाहते. बोंड या चौकटीत असते, पुढचीतही असते आणि तिच्या पुढचीतही. दाणा मात्र दर चौकटीत नव्या जागी उमटतो. जे टिकते ते दृश्य, जे टिकत नाही तो दोष, असा हा निवाडा. चार चौकटींची सरासरी घेतली तर नॉइज निम्मा होतो, नऊ घेतल्या तर एक तृतीयांश. ड्रोन पुढे सरकत असल्याने प्रत्येक चौकटीत वावर किती सरकले, हे आधी मोजावे लागते. ते मोजमाप चुकले की वस्तूंमागे भुतासारख्या सावल्या उमटतात. स्थिर जमिनीवर ते सहसा चुकत नाही. पवनारला धाम नदीच्या पात्रावर मात्र हमखास चुकते, कारण खडकांवरून फुटणाऱ्या पाण्याची एक चौकट दुसरीसारखी नसतेच. अशा ठिकाणी चौकटींची संख्या कमी ठेवावी, किंवा पाण्याचा भाग वेगळा काढून त्याला हातच लावू नये.

रंगांचा नॉइज आणि उजेडाचा नॉइज यांनाही एकाच मापाने तोलू नये. सावलीतले लाल-निळे ठिपके डोळ्याला अधिक खुपतात. ते जोराने पुसले तरी तपशील फारसा जात नाही. उजेडाचा नॉइज मात्र बेतानेच कमी करावा, थोडा राहिला तरी चालतो. हे सारे रंगसंस्करणाच्या आधी करणे बरे. ड्रोनच्या कार्डावर येणारे चित्र आधीच दाबलेले असते. फोर-के चित्रणाचा कच्चा ओघ सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट. २०१८ च्या मॅव्हिक २ प्रोमध्ये तो जास्तीत जास्त १०० मेगाबिटमध्ये बसवला जाई. या पंचवीसपट दाबात यंत्र दाण्यांनाच तपशील समजून त्यांच्यावर जागा खर्च करते आणि खऱ्या तपशिलाच्या वाट्याला चौकोनी ठिगळे येतात.

लग्नाच्या फिल्ममध्ये चार बोंडे पुसली गेली म्हणून कोणाचे बिघडत नाही. शेतीच्या नुकसानीचे तसे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीकविमा योजनेखाली उत्पादनाचा अंदाज घेण्यासाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाला देशातील १०० जिल्ह्यांत ड्रोन वापरण्याची सशर्त मुभा मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ड्रोन नियमांनी हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतचे उड्डाण पूर्वपरवानगीविना खुले केले. जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. तशा ढगाळ उजेडातले चित्रण दाणेदारच येणार, आणि कोणी ते ‘स्वच्छ’ करून सादर केले तर त्यात काय पुसले गेले हे पाहणाऱ्याला कळणार नाही. विरळ झालेले पीक आणि गुळगुळीत केलेले पीक वरून सारखेच दिसू शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने तर याच्याही पुढे जातात. गेलेला तपशील ती स्वतःच्या अंदाजाने भरून काढतात, म्हणजे नसलेले पान काढून दाखवतात. देखण्या फिल्मसाठी ते ठीक. पंचनाम्यासाठी ते घातक होय.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ खाली, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नोंदवायचे असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते. मग नॉइज काढलेली प्रत ही सरळ दुसरीच फाइल ठरते. म्हणून कार्डावरची मूळ फाइल तशीच जपावी, तिचे हॅश मूल्य त्याच दिवशी काढून ठेवावे आणि संस्करण प्रतीवरच करावे. कोणते साधन वापरले व किती चौकटी जुळवल्या, हेही लिहून ठेवावे. शिवाय त्याच वावरावरून वीस मीटर उंचीवर एक संथ फेरी मारून घ्यावी. त्या उंचीवर एक पिक्सेल जेमतेम सात मिलिमीटरचा असतो, बोंड आठ-नऊ पिक्सेलांचे दिसते, आणि साठ मीटरवरच्या चित्रातला एखादा पांढरा ठिपका कापूस की ग्रेन अशी शंका आली तर ती या फेरीशी ताडून पाहता येते.