पाळीतली कळ येते कुठून?

मेदाचं विज्ञान : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पेशीच्या पटलातले मेदाचे रेणू पाहिले. ते पेशीला नुसतं वेष्टण पुरवत नाहीत, वेळ आली की त्यांच्यातूनच निरोप पोचवणारी रसायनं तयार होतात. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात हे दर महिन्याला घडतं, आणि ज्या दुखण्याला घरोघरी ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ म्हटलं जातं, त्याचं मूळ तिथे आहे.

गर्भ राहिला नाही की पाळीच्या आधीच्या दिवसांत रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं. मग फॉस्फोलिपेज हे विकर पटलातल्या मेदापासून ॲराकिडोनिक आम्ल सुटं करतं. त्यावर सायक्लोऑक्सिजनेज या दुसऱ्या विकराचं काम होतं आणि प्रोस्टाग्लँडिनं तयार होतात. त्यांतलं ‘एफ-टू-अल्फा’ गर्भाशयाचा स्नायू आवळतं आणि रक्तवाहिन्याही आकसवतं. ज्यांची पाळी फार दुखते त्यांच्या गर्भाशयातला दाब या आवळण्यात पाऱ्याच्या 150 मिलिमीटरच्याही वर जातो. आपला वरचा रक्तदाब साधारण 120 असतो. म्हणजे तेवढा वेळ त्या स्नायूत रक्त शिरायला वावच उरत नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की छातीत दुखतं, तसंच हे दुखणं आहे. हीच रसायनं आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून त्या दिवसांत जुलाब, मळमळ, ओकाऱ्या होतात.

हे समजायला फार वेळ लागला. 1930 साली न्यूयॉर्कमध्ये कुर्झरोक आणि लीब या डॉक्टरांनी गर्भाशयाच्या स्नायूच्या पट्टीवर वीर्य घालून पाहिलं, तेव्हा ती पट्टी कधी आवळे, कधी सैल पडे. पुढे स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी वीर्यातल्या त्या द्रव्याला प्रोस्टेट ग्रंथीवरून प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिलं. पाळीच्या स्रावातही स्नायू आवळणारं द्रव्य असतं, हे पिकल्स या ब्रिटिश संशोधकानं 1957 मध्ये दाखवलं आणि ज्यांना तीव्र कळा येतात त्यांच्यात ते जास्त असतं, हेही नंतर पुढे आणलं. त्या काळातले कित्येक डॉक्टर या वेदनेचा दोष बाईच्या स्वभावावर, मनाच्या कमकुवतपणावर टाकत होते. तो समज आपल्याकडे अजूनही पुरता गेलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

1971 मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिनं तयार होणंच रोखतात, हे सिद्ध केलं. मेफेनॅमिक ॲसिड आणि आयब्युप्रोफेन याच जातीची. एकदा तयार झालेलं रसायन ही गोळी मागे घेऊ शकत नाही, ती मुख्यतः पुढचं उत्पादन थांबवते. म्हणून ‘अगदीच असह्य झालं तर घेऊ’ म्हणत दुखणं अंगावर काढण्यात काही मिळत नाही. स्राव सुरू होताच किंवा पहिली कळ येताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं पहिले एक-दोन दिवस गोळी घेतली तर बहुतेकींना चांगला उतार पडतो. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा डेंग्यूची शंका असेल, तर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा आपल्या देशाच्या औषधकोश आयोगानं 2023 मध्ये दिला होता. गोळीनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला तर ती बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावं.

  

काही जणींच्या कळांमागे मात्र एंडोमेट्रिओसिस हा आजार असतो. त्यात अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा पोटातल्या पडद्यावर रुजतात. निरोगी अस्तर स्वतः जवळजवळ इस्ट्रोजेन बनवत नाही. या पेशी बनवतात, कारण ‘ई-टू’ हे प्रोस्टाग्लँडिन त्यांच्यातलं ॲरोमॅटेज विकर जागं करतं. तयार झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा ई-टू वाढवतं, ते पुन्हा इस्ट्रोजेन. सूज आणि वेदना अशी स्वतःलाच खतपाणी घालत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो आणि निदानाला बरेचदा कित्येक वर्षं जातात. डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टेरॉनच्या वळणाची औषधं हे चक्र मोडायला मदत करतात.

गोळी वेळेवर घेऊनही कळा थांबत नसतील, त्या वर्षागणिक वाढत असतील, शरीरसंबंधात किंवा शौचाला बसताना दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला या सगळ्या गोष्टी न लाजता सांगाव्यात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून हा आजार नाहीच, असं ठरत नाही. ‘लग्न झालं की थांबेल’ हा सल्ला तर मुलीला कुणीही देऊ नये. त्यात तिची उमेदीची वर्षं जातात.

पुढच्या लेखांकात : चरबीच्या पेशींत तयार होणारं इस्ट्रोजेन, आणि पाळी कायमची गेल्यावर पुन्हा दिसणारा रक्तस्राव.