उपग्रहाच्या आकड्याला किती वजन द्यायचे?

महाराष्ट्रात मोजणीला आता रोव्हर येतो. दोन मीटरची काठी, तिच्या टोकाला अँटेना, भूकरमापकाच्या हातात मोबाइलएवढा पडदा आणि त्यावर प्रत्येक बिंदूची जागा थेट मिलिमीटरपर्यंत. भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साथीने राज्यभर ‘कॉर्स’ची कायमची केंद्रे उभारली. ती अहोरात्र उपग्रहांचे संकेत टिपत असतात आणि त्यांच्या आधाराने शेतातल्या रोव्हरला आपली जागा थोड्याच वेळात कळते. प्लेन टेबलावर जिथे दिवस जायचा तिथे आता काम झटपट उरकते, आणि मोजणीच्या अर्जांची रांग पाहता हे व्हायलाच हवे होते. माझे म्हणणे यंत्राविरुद्ध नाही. यंत्र आणि त्याचे सॉफ्टवेअर प्रत्येक मोजमापासोबत आणखी एक आकडा देतात, ‘हे किती अचूक आहे’ सांगणारा, आणि माझा आक्षेप त्या आकड्यावर आहे. तो पहिल्याइतका विश्वासाचा नसतो. तो जसाच्या तसा उचलला, तर पुढच्या गणितात चांगली मोजमापे खोटी ठरतात आणि कच्ची मोजमापे सगळ्या नकाशाला आपल्याकडे ओढून घेतात.

हे गणित मुळात लागते कशाला? एकच अंतर दोनदा मोजले की दोन उत्तरे येतात. त्रिकोणाचे तिन्ही कोन कितीही जपून मोजले तरी बेरीज नेमकी १८० अंश येत नाही, दोन-चार सेकंद इकडेतिकडे राहतातच. मोजलेले बिंदू रेषांनी एकमेकांना जोडले की जाळे तयार होते, आणि हे फरक त्या जाळ्यात कुठे आणि किती वाटायचे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर लेजांद्रने १८०५ साली छापले, गाउसने १८०९ साली आपल्या रीतीने मांडले आणि पुढे हॅनोव्हरच्या भूमापनात स्वतः वापरले. प्रत्येक मोजमापाला जी दुरुस्ती करावी लागते तिचा वर्ग करायचा, त्याला त्या मोजमापाच्या वजनाने गुणायचे, आणि या सगळ्यांची बेरीज कमीत कमी येईल अशी जागा प्रत्येक बिंदूला द्यायची; यालाच समायोजन म्हणतात. वजन अपेक्षित त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून २ मिलिमीटर त्रुटीचे मोजमाप ४ मिलिमीटर त्रुटीच्या मोजमापापेक्षा चौपट वजनाचे. याच काळात, १८०२ साली, मद्रासला पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणांची साखळी सुरू केली. १८२३ मध्ये विदर्भातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला, तोवर ती मध्य भारतापर्यंत पोचली होती. तिचे समायोजन पुढच्या पिढ्यांनी कागदावर, देशाचे भाग पाडून केले, कारण सगळी समीकरणे एकदम सोडवणे हाताने शक्यच नव्हते. आज ते लॅपटॉप क्षणात करतो. वजन ठरवण्याचे काम मात्र अजून माणसाचेच आहे, आणि तेही सॉफ्टवेअरवर सोडून देण्याकडे कल वाढतो आहे.

उपग्रहाच्या मोजमापाचे वजन सॉफ्टवेअर कसे काढते ते पाहिले की अडचण कळते. दोन बिंदूंवर दोन ग्राहकयंत्रे एकाच वेळी तेच उपग्रह ऐकतात. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते, आणि त्या लहरीचा अगदी लहानसा अंशही यंत्राला ओळखता येतो. दोन्हीकडच्या नोंदींची वजाबाकी करून एका बिंदूपासून दुसरा बिंदू कोणत्या दिशेला किती दूर, हे तीन आकड्यांत मिळते. नोंदी एकमेकींशी किती जुळल्या यावरून सॉफ्टवेअर त्रुटीचा अंदाज बांधते, आणि तो बांधताना बहुतेक वेळा प्रत्येक नोंद स्वतंत्र धरते. तासभर, सेकंदाला एक, अशा ३,६०० नोंदी झाल्या, की एका नोंदीच्या त्रुटीला ६० ने भागून छापले जाते. प्रत्यक्षात शेजारच्या पत्र्यावरून परावर्तित होऊन येणारा संकेत या सेकंदाला जितका चुकवतो, जवळजवळ तितकाच पुढच्या सेकंदालाही चुकवतो. हवेतल्या बाष्पाने झालेला उशीर मिनिटामिनिटाला बदलत नाही. एकाच माणसाची साक्ष तासभर पुन्हा पुन्हा ऐकून साक्षीदार हजारो झाले, असे म्हणण्यातला हा प्रकार आहे. छापलेली त्रुटी खऱ्या त्रुटीच्या कित्येक पटींनी लहान निघते ती यामुळे. शिवाय काही चुका या हिशेबात येतच नाहीत. दोन मीटरच्या काठीचा उभेपणा अंशाच्या सहाव्या हिश्श्याने बिघडला तर टोक जवळपास ६ मिलिमीटर सरकते. आकाशाकडे पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला काठीचे बूड कुठे टेकले होते, हे त्याच्या नोंदींतून कळणार नाही.

याचा परिणाम किती होतो, हे एका रेषेवर दाखवता येते. दोन खुणांमधले अंतर टोटल स्टेशनने, म्हणजे जमिनीवरून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, ८४.२१२ मीटर आले, त्रुटी ३ मिलिमीटर. उपग्रहाने तेच ८४.२२१ मीटर दिले आणि सॉफ्टवेअरने त्रुटी १ मिलिमीटर छापली. वजने झाली एकास नऊ, आणि समायोजित अंतर निघते ८४.२२०, म्हणजे टोटल स्टेशनचे म्हणणे जवळजवळ गेलेच. इतकेच नाही. दोन्ही त्रुटी एकत्र धरल्या तर ३.२ मिलिमीटरच होतात, आणि दोन उत्तरांतला ९ मिलिमीटरचा फरक त्याच्या पावणेतीन पटींहून थोडा जास्त भरतो. सॉफ्टवेअर लाल खूण करते, आणि ती बहुधा कमी वजनाच्या, म्हणजे टोटल स्टेशनच्या मोजमापावर बोट ठेवायला लावते. आता तीच रेषा उपग्रहाने निरनिराळ्या वेळी पुन्हा मोजून तिची खरी त्रुटी ६ मिलिमीटर आहे असे आढळले, तर वजने चारास एक होतात, उत्तर ८४.२१४ येते आणि ९ मिलिमीटरचा फरक एकत्रित त्रुटीच्या दीडपटही होत नाही. कुणीच चुकलेले नाही. मोजमापे तीच राहिली, वजन बदलले, आणि पहिल्या हिशेबात एका निर्दोष मोजमापावर आलेला ठपका दुसऱ्यात उरला नाही.

यावर जाणकार म्हणतील, समायोजन झाल्यावर सॉफ्टवेअर अपेक्षित त्रुटी आणि प्रत्यक्ष लागलेल्या दुरुस्त्या यांची तुलना करतेच; फरक दिसला तर सगळ्या त्रुटी एका गुणकाने वाढवते; मग काळजी कशाची? हा गुणक सगळ्यांना सारखा लागतो, अडचण तीच आहे. सगळी वजने एकाच संख्येने भागली तर बिंदूंच्या जागा तसूभरही हलत नाहीत. त्रुटीचे आकडे तेवढे फुगतात, आणि बिचाऱ्या टोटल स्टेशनचेही फुगतात, ज्याचा अंदाज आधीच बरोबर होता. उपग्रह, कोन, अंतर, लेव्हल अशा जातवार गटांचे आपसांतले वजन चुकलेले असेल तर ते गटागटानेच दुरुस्त करावे लागते. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहाच्या त्रुटींना वेगळा गुणक लावायची आणि यंत्र बिंदूवर मांडतानाची चूक मिलिमीटरमध्ये भरायची सोय असते. मात्र ते रकाने न भरताही सॉफ्टवेअर पुढे जाऊ देते, एवढेच.

असा गुणकही प्रत्येक रेषेला सारखा पुरत नाही. रोव्हरची आडवी त्रुटी कारखाना साधारणपणे ८ मिलिमीटर अधिक दर किलोमीटरला १ मिलिमीटर अशी सांगतो. ५० मीटरच्या रेषेवर ८ मिलिमीटर म्हणजे दिशेत ३३ सेकंदांची चूक. तिथे २ सेकंदांचे टोटल स्टेशन, मांडणीतली चूक धरूनही, दहा सेकंदांच्या आत राहते. तीच रेषा ५ किलोमीटरची झाली की रोव्हरची १३ मिलिमीटरची त्रुटी दिशेत अर्ध्या सेकंदावर येते, आणि टोटल स्टेशनला मात्र तेवढे अंतर गाठायला मध्ये कितीतरी ठिकाणी मांडामांड करत चुका साठवाव्या लागतात. गावठाणातल्या दाटीत उपग्रहाचा शब्द हलका धरावा आणि दोन गावे जोडताना जड, हे कुठल्याही एका ठरीव आकड्यात बसत नाही.

आणखी एक फुगवटा आहे. चार ग्राहकयंत्रे एकाच वेळी लावली तर त्यांच्यात सहा रेषा काढता येतात, पण स्वतंत्र तीनच. उरलेल्या तीन त्याच नोंदींच्या बेरीज-वजाबाकीतून येतात. साहजिकच त्या सुरेख जुळतात. सहाही रेषा स्वतंत्र म्हणून जाळ्यात घातल्या तर एकाच पुराव्याला दुप्पट वजन मिळते आणि अहवाल देखणा दिसतो. चारही यंत्रांचा हिशेब एकत्र करून त्यांचे परस्परसंबंध सांभाळणारी सॉफ्टवेअर हे टाळतात. बाकीच्यांत कोणत्या तीन रेषा ठेवायच्या, ते मोजणाऱ्यानेच ठरवायचे असते.

सर्वांत गंभीर आक्षेप प्रामाणिकपणाचा आहे. वजने हाताने बदलता येत असतील तर हवे ते उत्तर काढता येईल. हा धोका खरा आहे. सांख्यिकी चाचणी पास होईपर्यंत गुणक वाढवत नेला, की चुकून दुसऱ्याच खुंटीवर लावलेल्या काठीची चूकही पोटात घालून चाचणी पास होते. भारतीय भूमापनाने असे झाकणे किती महाग पडते ते पाहिले आहे. मुझफ्फरनगरजवळचे कलियाना आणि मध्य भारतातले कल्याणपूर यांच्या अक्षांशांतले अंतर ओळंब्याच्या आधाराने केलेल्या ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून एक आले आणि त्रिकोणांवरून दुसरे. फरक सव्वापाच सेकंदांचा, जमिनीवर सुमारे १६० मीटरचा. लॅम्बटननंतर साखळी पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने तो साखळीत साठलेली चूक मानून वाटून टाकला. पुढे प्रॅटने हिमालयाच्या ओढीने ओळंबा किती झुकेल याचे गणित केले, ते जवळपास १६ सेकंद आले, आणि फरक अपेक्षेपेक्षा इतका कमी का, या प्रश्नातून १८५५ साली एअरीने पर्वतांच्या मुळांची कल्पना मांडली. फरकाला कारण होते आणि ते ओळंब्यात होते. वाटून टाकल्याने ते तेवढा काळ दिसेनासे झाले. म्हणून माझा आग्रह असा की गुणक चाचणीचा निकाल पाहून ठरवू नये. आधी ढोबळ चुका शोधाव्यात, आणि वजन पुन्हा केलेल्या मोजमापांवरून, समायोजनाआधी ठरवून अहवालात लिहावे.

पुन्हा मोजण्यातही एक मेख आहे. जीपीएसचे उपग्रह २३ तास ५६ मिनिटांनी आकाशात जवळपास त्याच जागी येतात. काल सकाळी अकराला जिथे मोजले तिथेच आज सकाळी अकराला मोजले, तर तेच उपग्रह, त्याच कोनातून, त्याच पत्र्यावरून तेच परावर्तन देतात; दोन्ही उत्तरे जुळतात आणि चूक दोन्हींत सारखी राहते. दुसरी फेरी दिवसाच्या वेगळ्या वेळी, काठी उचलून पुन्हा उभी करून घ्यायला हवी. सगळे बिंदू दोनदा मोजायची गरज नाही. गावातल्या मोजक्या पण वेगवेगळ्या परिस्थितीतल्या बिंदूंवर, उघड्या माळावर, झाडाखाली, भिंतीलगत, अशी दुसरी फेरी झाली तरी त्या गावापुरता खरा अंदाज हाती येतो.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बांध हातभर रुंद असतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, आणि जुने नकाशे ३३ फुटी साखळीवरचे; मग पाच-सहा मिलिमीटरचा काथ्याकूट कशाला? बांधापुरते हे खरे आहे. पण वाद मोजणीवरून निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडच्या फेरमोजणीवर, आणि तिथून त्याहून वरच्या सुपर निमतानापर्यंत जातो, तेव्हा दोन मोजण्या समोरासमोर येतात. समजा त्यांत ४ सेंटिमीटरचा फरक आहे. दोन्ही कागद आपली त्रुटी १ सेंटिमीटर सांगत असतील, तर हिशेबाने त्यांतला एक खोटा ठरतो. भूकरमापकावर संशय जातो आणि भावकीतले भांडण आणखी पेटते. दोन्ही कागदांनी पुन्हा मोजून काढलेली ३ सेंटिमीटरची त्रुटी लिहिली असती, तर एकत्रित त्रुटी ४.२ सेंटिमीटर झाली असती आणि तो फरक तिच्या आत बसला असता. मग दोन्ही मोजण्या आपापल्या वजनांसह एकाच समायोजनात घालून हद्दीची एक जागा काढता येते, आणि ती किती सेंटिमीटर इकडेतिकडे असू शकते तेही दोन्ही शेजाऱ्यांना कागदावर दाखवता येते.