डेपोपासून किआ माऊपर्यंत

वेलिंग्टनच्या अल्फा स्ट्रीटवर १९८३ साली काही रंगकर्मींनी ‘डेपो’ नावाचं एक छोटं नाट्यगृह सुरू केलं. न्यूझीलंडच्या माणसांनी लिहिलेली नाटकं तिथे व्हावीत, एवढाच त्यांचा मनसुबा. मोठ्या नाट्यगृहांचा भर तेव्हा परदेशी नाटकांवर असे आणि स्थानिक लेखकाला कायम उमेदवारीच करावी लागे, त्यामुळे हा मनसुबाही त्या काळात धाडसाचाच होता. माओरी रंगभूमी उभारायची असं ठरवून कुणी तिथे आलं नव्हतं. तरी दहा वर्षांच्या आत ती जागा माओरी नाटककारांचं हक्काचं घर झाली, तिचं नाव ‘ताकी रुआ’ झालं आणि कारभारही माओरी रंगकर्मींच्या हाती गेला.

डेपो सुरू झाल्यानंतरच्या चाळीस वर्षांत माओरी आणि पासिफिका नाटककारांनी बरंच कमावलं. पासिफिका म्हणजे सामोआ, टोंगा, कुक बेटं, निउए, फिजी अशा बेटांवरून पोटापाण्यासाठी न्यूझीलंडला आलेली कुटुंबं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या. पुरस्कारांची आणि गाजलेल्या प्रयोगांची यादी कुणालाही देता येईल. मला तिच्या मागची गोष्ट जास्त मोलाची वाटते: नाटकाचा कच्चा खर्डा पहिल्यांदा कुणासमोर वाचला गेला, आणि वाचून झाल्यावर लेखकाला काय विचारलं गेलं.

डेपोच्या आधी माओरी नाटककार नव्हते असं नाही. हॅरी डॅन्सी या पत्रकार-व्यंगचित्रकाराचं ‘ते रौकुरा’ १९७२ मध्ये ऑकलंडच्या महोत्सवात झालं. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या सत्तेला माओरींनी केलेला प्रतिकार हा त्याचा विषय. मग १९७५ मध्ये फिना कूपर या वृद्ध नेत्याबाईंच्या मागे हजारो माओरी जमिनीच्या हक्कासाठी उत्तर टोकापासून वेलिंग्टनच्या संसदेपर्यंत चालत गेले. त्या धगीत रोरे हापीपी यांनी ‘डेथ ऑफ द लँड’ लिहिलं. नाटक उभं राहतं ते न्यायालयात. वडिलोपार्जित जमीन विकायची की नाही यावर एकाच कुळातले लोक एकमेकांसमोर उभे आहेत आणि कायद्याची भाषा कुणाच्याच दुःखाला पुरत नाही. सात-बाऱ्यावर दहा-वीस नावं असलेल्या घरातल्या माणसाला हे नाटक समजावून सांगावं लागणार नाही. हापीपींनी १९७६ मध्ये ते आपल्या मंडळींना घेऊन गावोगाव फिरवलं. छापील रूपात यायला मात्र १९९१ उजाडलं. ‘हे रेओ हौ’ या पाच माओरी नाटकांच्या संग्रहात ते आलं, त्याच संग्रहात हॉने तुफारे या थोर कवीचं एकमेव नाटकही आलं. मधल्या पंधरा वर्षांत कुणा तरुणाला हे नाटक वाचायचं असेल, तर कुणाच्या तरी कपाटातल्या टंकलिखित प्रतीचाच आधार.

डेपोने ही तुटकी साखळी जोडली. रांगीमोआना टेलर यांची ‘ते ओहु फाकारी’ ही मंडळी ऐंशीच्या दशकात तरुण माओरी नटांना घडवत होती. त्याच काळात भाषेची चळवळ जोर धरत होती. माओरी बालवाड्या १९८२ मध्ये सुरू झाल्या, १९८७ मध्ये माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला. नाट्यगृहातही मराएचे, म्हणजे माओरी कुळाच्या सभास्थानाचे, रिवाज आले. तालमीची सुरुवात प्रार्थनेने, पाहुण्याचं स्वागत रीतीप्रमाणे, काम संपलं की सगळ्यांनी एकत्र जेवण. प्रयोग आवडला तर प्रेक्षकांतलं कुणीतरी उठून नटांना गाण्याने किंवा ‘हाका’ या माओरी नृत्याने उत्तर देतं, आजही देतं. टाळ्या वाजवून चपला शोधायला लागणाऱ्या आपल्यासारख्यांना ते पाहताना थोडं ओशाळायला होतं.

या घरातून आलेला सर्वांत मोठा लेखक हॉने कौका. १९९२ मध्ये त्यांना ब्रूस मेसन नाट्यलेखन पुरस्कार मिळाला तेव्हा ते अगदी तरुण होते. इब्सेनचं एक जुनं नाटक उचलून पहिल्या महायुद्धानंतरच्या माओरी वस्तीत रोवलेलं त्यांचं ‘न्गा तांगाता तोआ’ १९९४ मध्ये आलं, आणि १९९६ च्या वेलिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘वायोरा’.

‘वायोरा’जवळ थोडं थांबायला हवं. साल १९६५. पूर्व किनाऱ्यावरचं गाव सोडून एक माओरी कुटुंब दक्षिण बेटावर आलं आहे, बाप लाकडाच्या गिरणीत कामाला आहे. मुलीचा अठरावा वाढदिवस समुद्रकिनारी करायचा, वाळूत खड्डा खणून तापल्या दगडांवर जेवण शिजवायचं आणि साहेबाला बोलवायचं, कारण बढती आज जाहीर होईल अशी बापाची खात्री आहे. बढती दुसऱ्याला मिळते. पण नाटकाचा खरा भार मुलीवर, राँगोवर आहे. गाव सुटल्यापासून ती आतून विझत चालली आहे. घरात तिला नीट ऐकणारं कुणी उरलेलं नाही, ती पूर्वजांशी बोलते, आणि ते पूर्वज रंगमंचावर सदेह वावरत असतात. घरच्यांना ते दिसत नाहीत, प्रेक्षकांना दिसतात. शेवटी ती समुद्रात चालत जाते आणि सगळं कुटुंब तिला परत बोलावण्यासाठी आपल्या भाषेकडे, आपल्या हाकाकडे वळतं. बापाचा साहेबासमोरचा लवचिकपणा आणि पोरांवरचा ताठा, हे दोन्ही एकाच संध्याकाळी दाखवणं फार थोड्यांना जमतं.

त्याच वर्षांत ब्रायर ग्रेस-स्मिथही लिहीत होत्या. १९९५ चा ब्रूस मेसन पुरस्कार त्यांचा. १९९७ च्या ‘पुरापुराफेतू’मध्ये एक तरुण सभागृहासाठी भिंतीवरचं पारंपरिक विणकाम करतो आहे, शेजारी एक म्हातारा बसला आहे, आणि टाक्याटाक्याने गावाचं जुनं पाप वर येतं.

आणि नेमकं १९९७ मध्येच ताकी रुआने अल्फा स्ट्रीटची जागा सोडली. संस्था निर्मिती आणि दौरे करणारी कंपनी झाली. तेव्हा अनेकांना हळहळ वाटली असणार, पण माझ्या मते त्या निर्णयाने फारसं बिघडलं नाही. पूर्ण माओरीतली नाटकं घेऊन शाळांपर्यंत जायचा उपक्रम संस्थेने १९९५ पासूनच हाती घेतला होता. बालवाडीत माओरी शिकून आलेली मुलं तोवर प्राथमिक शाळेच्या पुढे गेली होती, म्हणजे भाषा कळणारा प्रेक्षक वयात येत होता. त्याच्यापर्यंत जायला गाडी लागते, इमारत लागत नाही. पोरकं झालं ते प्रायोगिक लेखकाचं रात्रीचं उठणंबसणं. तालीम संपल्यावर जिन्यात उभं राहून नाटकावर भांडण्याची जागा गेली, आणि तिची भरपाई दौऱ्याने होत नाही.

पासिफिका नाटककारांची वाट वेगळी होती. सामोअन मुलांचा पहिला रंगमंच बहुधा चर्चचा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी पांढऱ्या कपड्यांतली मुलं बायबलमधले प्रसंग करून दाखवतात आणि अख्खं नातेवाईकमंडळ बघायला येतं. शिवाय सामोआची स्वतःची विनोदी नाट्यपरंपरा होतीच, सरदार-पाद्र्यांचीही बिनधास्त खिल्ली उडवणारी. हे भांडवल घेऊन १९९३ मध्ये क्राइस्टचर्चला ‘पॅसिफिक अंडरग्राउंड’ ही मंडळी जमली. पासिफिका वस्ती दाट ती ऑकलंडला, क्राइस्टचर्च तसं गोऱ्यांचं शहर. कदाचित म्हणूनच तिथल्या मूठभर पोरांना एकत्र येण्याची निकड जास्त भासली असावी. ऑस्कर काइटली आणि सायमन स्मॉल यांचं ‘फ्रेश ऑफ द बोट’ हे त्यांचं पहिलं मोठं नाटक. मग १९९७ मध्ये काइटलींचं ‘डॉन रेड्स’.

त्याची पार्श्वभूमी सांगायला हवी. युद्धोत्तर कारखानदारीला मजूर हवे होते तेव्हा बेटांवरच्या माणसांना न्यूझीलंडने येऊ दिलं. सत्तरच्या दशकात मंदी आली, आणि मुदत संपूनही राहिलेल्यांना शोधण्यासाठी पोलीस पहाटे त्यांच्या घरांत घुसू लागले. नंतरच्या, १९८५-८६ च्या पाहणीत दिसलं, की मुदतबाह्य राहिलेल्यांत पॅसिफिक लोक एक तृतीयांशच होते, पण खटले भरले गेले त्यांत ८६ टक्के तेच. युरोप-अमेरिकेतून आलेल्यांच्या दारावर पहाटे कुणी थाप मारली नाही. काइटलींनी हा विषय चक्क हसवत मांडला. नायक सामोअन, पण क्लबात फुलाफुलांचा शर्ट घालून हवाईयन गायक म्हणून मिरवतो, कारण हवाईयन माणूस गोऱ्यांना पाहुणा वाटतो आणि सामोअन घुसखोर. त्याची होणारी बायको मुदत संपूनही राहिलेली, बहीण चळवळीत. हसता हसता दार वाजतं.

याच सुमारास मकेरिता उराले यांचं ‘फ्रँजिपानी परफ्यूम’ आलं, सफाईकाम करणाऱ्या तीन सामोअन बहिणींचं, आणि फक्त बायकांनी केलेलं. तोवर पासिफिका रंगमंचावर पुरुषांचाच आवाज मोठा होता, हेही नोंदवलं पाहिजे.

आता त्या खर्ड्याकडे येतो. वेलिंग्टनची ‘प्लेमार्केट’ ही संस्था १९७३ पासून नाटककारांचं काम पाहते: संहिता जपणं, प्रयोगाचे हक्क देणं, मानधन वसूल करणं आणि नव्या संहिता घडवणं. माओरी आणि पासिफिका लेखकांसाठी तिने ‘ब्राउन इंक’ नावाचा वेगळा उपक्रम चालवला. पद्धत सोपी असते. संहितेची जाण असलेला एक सल्लागार, एक दिग्दर्शक, पाच-सहा नट, काही दिवसांसाठी एक खोली, आणि शेवटी हातात कागद धरूनच जाहीर वाचन. फरक पडतो तो खोलीत कोण बसलं आहे याने. माओरी घरांत मूल आजीकडे किंवा मावशीकडे वाढणं ही जुनी रीत आहे. गोरा वाचक विचारतो, ‘या मुलीला आईवडिलांनी टाकलं का?’ आणि लेखक दोन पानं खुलाशाची लिहून बसतो. माओरी नट तो प्रश्न विचारतच नाही. तो विचारतो, ‘आजी गेल्यावर जमिनीत हिचं नाव लागणार का?’ दुसऱ्या प्रश्नातून नाटक पुढे सरकतं, पहिल्यातून तळटिपा निघतात.

याची दुसरी बाजूही आहे. वाचन स्वस्त पडतं आणि निर्मिती महाग. अनुदान देणाऱ्यांना ‘नवे लेखक घडवले’ हा आकडा दाखवायला सोपा जातो. त्यामुळे वाचनामागून वाचन होत राहतं आणि नाटक उभंच राहत नाही, हा धोका जगभरच्या अशा उपक्रमांना असतो, आपल्याकडच्या अभिवाचनांच्या सुकाळालाही आहे.

हॉने कौका आणि मिरिया जॉर्ज यांनी २००४ मध्ये ‘तावाता’ ही कंपनी काढली, ती या कोंडीवर मला सर्वांत समंजस उत्तर वाटते. वाचन आणि निर्मिती एकाच छपराखाली. मिरिया जॉर्ज यांच्या घरात माओरी आणि कुक बेटं ही दोन्ही वळणं आहेत. त्यांचं २००५ चं ‘अँड व्हॉट रिमेन्स’ नजीकच्या भविष्यात घडतं: विमानतळावर शेवटची माओरी व्यक्ती देश सोडून निघाली आहे. आदल्याच वर्षी किनारपट्टीवरच्या माओरी हक्कांना कात्री लावणारा कायदा झाला होता, म्हणून ही कल्पना कुणाला अचाट वाटली नाही. २०१० पासून तावाताने मातारिकीच्या, म्हणजे कृत्तिका नक्षत्राच्या उदयाने सुरू होणाऱ्या माओरी नववर्षाच्या सुमारास लेखकांचा महोत्सव भरवला. तिथे माओरी आणि पासिफिका खर्ड्यांबरोबर परदेशातल्या मूलनिवासी नाटककारांचे खर्डेही वाचले गेले. त्यातून पुढे २०१५ मध्ये प्रयोगांचा महोत्सव निघाला, आधी ‘आही का’ आणि पुढच्या वर्षापासून ‘किआ माऊ’ या नावाने. खर्डा, वाचन, प्रयोग ही वाट एकदाची सलग झाली.

मुंबईशी एक गाठ २०१२ मध्ये पडली. लंडनच्या ग्लोबमध्ये शेक्सपिअरची ३७ नाटकं ३७ भाषांतून झाली, त्यात ‘ट्रॉइलस अँड क्रेसिडा’ माओरीत होतं, युद्धनृत्यांसह. त्याच महोत्सवात मुंबईहून सुनील शानबाग यांचं गुजराती आणि अतुल कुमार यांचं हिंदी नाटक गेलं होतं. मराठी नव्हतं. राजभाषा होऊन पंचवीस वर्षं झालेली भाषा त्या रंगमंचावर होती आणि नाटकवेड्या म्हणवणाऱ्यांची नव्हती, हे जाता जाता लक्षात राहतं.

मधल्या काळात ऑकलंडही जागं झालं. वेला मनुसाउटे आणि अनापेला पोलाताइवाओ यांच्या ‘किला कोकोनट क्रू’ने कापड कारखान्यातल्या सामोअन कामगारांवर ‘द फॅक्टरी’ हे संगीत नाटक केलं, ते मांगेरेच्या कलाकेंद्रातून पुढे एडिंबरोपर्यंत गेलं. माओरी रंगभूमीसाठी २०१५ मध्ये ‘ते पोउ’ हे नाट्यगृह झालं आणि २०२३ मध्ये ते हेंडरसनच्या एका जुन्या वाइनरीच्या आवारात हललं.

दरम्यान १ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये पहाटेच्या छाप्यांबद्दल सरकारची माफी मागितली, सामोअन रीतीप्रमाणे डोक्यावरून विणलेली चटई ओढून घेऊन. पुढच्या वर्षी ऑकलंड थिएटर कंपनीने ‘पॅसिफिक अंडरग्राउंड’ला बरोबर घेऊन ‘डॉन रेड्स’ पुन्हा उभं केलं, बंदराशेजारच्या मोठ्या नाट्यगृहात. पहिल्या प्रयोगाला पंचवीस वर्षं झाली होती. पहिली निर्मिती मिळवून देण्याचं तंत्र या मंडळींना आता चांगलं अवगत झालं आहे. दुसरी निर्मिती अजून दुर्मीळ आहे, आणि त्यासाठी प्रत्येक नाटकाला सरकारी माफीची वाट पाहता येणार नाही.